म्हाताऱ्या माणसांनाही खवडे होतात

मा. संपादक,
स.न.

आपल्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावरचा, म्हणजे खवड्यांवरचा, लेख वाचला. लेख चांगला होता, पण 'हा लहान मुलांचा आजार' एवढ्यावरच तो थांबला. आमच्या घरात याच समजुतीने चार महिने खाल्ले, म्हणून हे पत्र.

माझी माय बासष्ट वर्षांची, साखरेची पेशंट. दिवाळीनंतर डोकं खाजायला लागलं, खपल्या निघू लागल्या. आधी कोंडा समजून लिंबू चोळलं. मग टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी पडली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, चाई पडली, बिब्बा लावा. नशीब, बिब्बा लावला नाही. आधीच सोललेल्या कातडीची त्याने काय दशा केली असती! मी मेडिकलवरून एक ट्यूब आणली. खाज आठवड्यात थांबली, महिन्याने दुप्पट होऊन परत आली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे मला फार उशिरा कळलं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत निवांत पसरते. 2018 साली सरकारने अशी कित्येक मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. मला कुणी चिठ्ठी विचारली नाही.

माय पदर पुढे ओढून बसायची. "खवडे लेकराईला होतेत, म्हाताऱ्या बाईला झाले म्हणून कोणाला सांगू?" असं म्हणायची. शेवटी परभणीला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून टाळू पाहिली आणि मलाही दाखवली. केस मुळाशीच तुटून काळे ठिपके राहिले होते. चिमट्याने दोन-तीन ओढले तर सहज हातात आले, माय हललीसुद्धा नाही. मानेमागे गाठी आल्या होत्या. थोडी खपली आणि ते केस काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशी. झालं निदान.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. वयात आल्यावर टाळूच्या तेलातली आम्लं या बुरशीला आवरतात, म्हणून मोठ्यांत हा आजार कमी. पण पाळी गेल्यावर बाईच्या टाळूचं तेल घटतं, त्यात साखर असली की बुरशीला रान मोकळं. आणि बुरशी केसाच्या आत शिरलेली असल्याने नुसतं मलम तिथवर पोचतच नाही, पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात. औषधी शाम्पू जोडीला, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून. मायला ग्रिसिओफल्विन दिलं, आठ आठवडे. ही गोळी स्निग्ध खाण्यासोबत चांगली भिनते, म्हणून तुपाच्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. वर्षानुवर्षं तूप बंद असलेली माय त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली. मायच्या कुशीत झोपणाऱ्या माझ्या पोरीच्या टाळूवरही खपली निघाली. फणी एकच, टॉवेल एकच. उन्हाळ्यात टँकरवर बायका एकमेकींची ओली चुंबळ डोक्यावर घेतात, त्याचाही मला संशय आहे, पण सिद्ध काही करता येणार नाही.

माझं मागणं एवढंच. थुंकी आणि हिवतापाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक ठेवलेला असतो, तशा प्रत्येक सरकारी दवाखान्यात टाळूची खपलीही तपासली जावी. त्याला लागते एक काचपट्टी आणि त्या रसायनाचा थेंब, आणि तंत्रज्ञाला थोडं शिकवणं. एसटीचं भाडं आणि रोज बुडवून परभणी गाठणं प्रत्येकाला जमत नाही. तोवर निदान पन्नाशीपुढच्या बाईचा 'कोंडा' महिन्यात गेला नाही, तर दवाखान्यातल्यांनी डोक्यावरचा पदर बाजूला करून एकदा पाहावं.

मायचे केस आता आलेत. टाळूच्या मधोमध, जिथे पू झाला होता, तेवढी जागा गुळगुळीत राहिली. ती आता येणार नाही म्हणतात.

आपला,
एक वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी