गोदावरीचा गाळ समुद्रापर्यंत जाऊ द्या

संपादक साहेब,

गोदावरीच्या प्रदूषणाच्या बातम्या आपण रोज वाचतो, पण ही नदी आंध्रात जिथे समुद्राला मिळते तिथे काय चाललंय हे इकडे कोणी लिहीतच नाही. त्र्यंबकेश्वरहून निघून 1465 किलोमीटर वाहत गेलेल्या नदीने राजमहेंद्रीच्या खाली गाळ टाकून टाकून केवढा सुपीक त्रिभुज प्रदेश बनवलाय! नदीने गाळ आणला की झाली जमीन असं आपल्याला वाटतं, पण अर्धं काम लाटांचं असतं. पावसाळ्यात नैऋत्येकडून लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि मुखाजवळची वाळू उत्तरेकडे ढकलत नेतात, त्यातूनच काकीनाड्यासमोर 15 किलोमीटरहून लांब वाळूचा दांडा तयार झालाय, होप आयलंड म्हणतात त्याला, नकाशात बघा, वाकवलेल्या बोटासारखा दिसतो. बारीक चिखल मात्र त्याच्या आडोशाला शांत पाण्यात बसतो, तिथेच कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे.

लाटा काही थांबत नाहीत, गाळ मात्र घटलाय, कारण जायकवाडीपासून खाली प्रत्येक धरण तो अडवतं, वर वाळूउपसा आहेच. काकीनाड्याच्या पलीकडे उप्पाड्यात तर समुद्र घरं आणि रस्ता गिळत चाललाय, दगड टाकून किती दिवस भागणार?

धरणं पाडा असं म्हणत नाहीये, पण पुराच्या गढूळ पाण्याबरोबर गाळ खाली सोडायची सोय जिथे शक्य आहे तिथे झालीच पाहिजे, आणि नवीन प्रकल्प मंजूर करताना थेट किनाऱ्यापर्यंतचा गाळाचा हिशोब सक्तीचा करा.

- एक वाचक, नाशिक