‘मशीन सुरू होते’ हे वाक्य नको

संपादक महोदय,
स. न.

एमआरआयच्या खोलीत लोखंडी वस्तू खेचली गेली, कुणी जखमी झाले, अशी बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास सापडते: ‘त्या वेळी मशीन सुरू होते.’ एमआरआय तंत्रज्ञ म्हणून २२ वर्षे काढून मी निवृत्त झाले आहे. हे वाक्य वाचले की चडफडायला होते, कारण वाचणारा साहजिकच समजतो की मशीन बंद असते तर काही झाले नसते. ते बंद नसतेच.

रात्रपाळीतली गोष्ट. शेवटचा रुग्ण बाहेर नेला होता, ठकठक थांबली होती आणि मी दार उघडे टाकून नोंदवही भरत बसले होते. (चूक माझी.) नव्याने लागलेल्या सफाईच्या मावशी बादली घेऊन आत शिरल्या. मी धावत जाऊन दंड धरला, तर म्हणतात, “अहो ताई, मशीन बंद आहे की! आवाज कुठे येतोय?” बादली प्लॅस्टिकची, कडी तेवढी लोखंडी. फडके पिळायला त्यांनी ती खाली टेकवली होती. काठावर पडलेली कडी कुणी हात न लावता उभी राहिली आणि मशीनच्या तोंडाकडे बघत थरथरू लागली. आम्ही दोघींनी बादली धरून, पाठ न फिरवता, पावलापावलाने मागे आणली.

मावशींचे काय चुकले? आवाज करतात ती आतली वेगळी वेटोळी, आणि ती फक्त तपासणीपुरती चालतात. मुख्य चुंबक मुका. त्याच्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेल्या असतात. एकदा सोडलेला प्रवाह त्यांत वर्षानुवर्षे फिरत राहतो. सुट्टीच्या दिवशीही, वीज गेली तरीही. नेहमीचे दीड टेस्लाचे यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. पुन्हा, हे क्षेत्र बाहेर पसरू नये म्हणून आवळून धरलेले असल्याने दारात हाताला काहीच जाणवत नाही, आणि दोन पावलांवर वस्तू हातातून सुटते. एक्स-रेच्या खोलीवरचा लाल दिवा विझला की धोका संपतो. तीच सवय लोक इथे घेऊन येतात.

२००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा असाच गेला. तपासणी चालू असताना त्याला प्राणवायू कमी पडला, म्हणून सिलिंडर आत आणला गेला. आणणारा मदतच करत होता.

‘मग बटण दाबून बंद का करत नाहीत?’ असे नातेवाईक विचारत. तसे बटण असते. पण ते दाबले की हेलियम उकळून शेकडो पटींनी फुगतो. बाहेर नेणारी नळी तुंबली असेल तर खोलीतला प्राणवायूच हटतो. शिवाय चुंबकत्व लगेच उतरत नाही. उडालेला सिलिंडर त्याने थांबत नाही. माणूस अडकला असेल तरच ते बटण.

रुग्णाकडून अर्ज भरून घेतात, कपडे बदलून घेतात. त्याची खुर्ची ढकलत आलेल्या मुलाला मात्र खिशात काय आहे, हे बऱ्याचदा कुणी विचारत नाही. खुर्ची कशाची आहे, हेही नाही.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: ‘मशीन सुरू होते’ असे लिहू नका. लोखंड आत कुणी नेले, दाराशी कोण उभे होते आणि त्याला अडवण्याचा अधिकार होता का, ते विचारून लिहा.

आपली,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ