खाडीत नांगरलेल्या नौकांवरचा रात्रीचा गोंगाट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर समुद्र निवळला की मुंबईहून गोव्याकडे आणि गोव्याहून मुंबईकडे निघालेल्या हौशी नौका रात्रीच्या मुक्कामासाठी कोकणातल्या खाड्यांमध्ये शिरू लागतात. राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड ही त्यांची ठरलेली ठिकाणे आहेत. त्यांपैकी विजयदुर्गच्या वाघोटण खाडीत माझी एक लहान शिडाची होडी असते. बाहेर वाऱ्याने समुद्र खवळलेला असला तरी किल्ल्यामागे खाडीत वळल्यावर पाणी शांत मिळते. ज्या आडोशामुळे आंग्र्यांच्या आरमाराने येथे ठाण मांडले, त्याच आडोशाला आज मच्छीमारांचे ट्रॉलर, गावातल्या लहान होड्या आणि पाहुण्या नौका शेजारी शेजारी नांगर टाकतात. गेल्या काही हंगामांत या शेजारात रात्रीचा गोंगाट फार वाढला आहे. त्याबद्दल जमिनीवरच्या लोकांना सहसा काही कळत नाही, म्हणून हे पत्र.

नौकेवर रात्री झोप मिळणे ही चैनीची बाब नाही, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या किनाऱ्यावर कोरड्या हंगामात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. उत्तरेकडे जाणाऱ्या शिडाच्या नौकेला तो थेट तोंडावर येत असल्यामुळे जाणता नाविक पहाटे तीन-चारला, जमिनीकडून येणारा मतलई वारा वाहत असताना नांगर उचलतो आणि दुपारपर्यंत जमेल तेवढे अंतर कापून पुढच्या खाडीत शिरतो. ट्रॉलरवरचे खलाशी त्याच सुमारास निघतात आणि त्यांच्यापुढे तर दिवसभराचे अंगमेहनतीचे काम असते. म्हणजे खाडीत नांगरलेल्या बहुतेक माणसांची रात्र आठ-नऊला सुरू होऊन तीनला संपते. शहरातून सहलीला आलेल्यांची रात्र त्याच वेळी रंगायला लागते. भांडणाचे मूळ इथे आहे, आणि निदान सुरुवातीला तरी त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो.

पाण्यावर आवाज किती लांब जातो याची कल्पना नवख्या माणसाला नसते. मध्ये भिंत नाही, झाड नाही, आणि निवांत पाण्याचा पृष्ठभाग आवाज शोषून घेण्याऐवजी परतवतो. त्यातच थंडीच्या रात्री जमिनीवरची गार हवा खाडीत उतरून पाण्यालगत बसते आणि तिच्यावरची हवा त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज विरून न जाता पुन्हा खाली वळतो. त्यामुळे दोनअडीचशे मीटरवरच्या नौकेतले साधे बोलणेही शब्दन्‌शब्द ऐकू येते. शेजारच्या होडीबद्दल काढलेले उद्गार त्या होडीवरच्या माणसांनी जसेच्या तसे ऐकल्याचे प्रसंग इथे पुष्कळ घडले आहेत, पण त्यांचा तपशील वर्तमानपत्रात देण्याजोगा नाही. पाण्याखालून तर आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. होडीतला बिछाना बहुधा पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. तिथे कान फायबरच्या कवचापासून वीतभर अंतरावर येतो आणि ते कवच ढोलाच्या पानासारखे वागते. शेजारच्या नौकेचा जनरेटर वर डेकवर जेमतेम जाणवत असला, तरी खाली झोपलेल्याच्या डोक्यात त्याची घरघर रात्रभर चालू राहते.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून गंभीर आहे. रात्री नांगरलेला नाविक डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबून असतो. ओहोटी लागली, होडी फिरली आणि नांगर सुटून तळावर घसरू लागला, तर साखळीची खरखर कवचातून आधी ऐकू येते; आपण किनाऱ्याकडे किंवा दुसऱ्या होडीकडे सरकत आहोत हे डोळ्यांना त्यानंतर उमगते. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत धुक्यासाठी आवाजाचे संकेत ठरवून दिले आहेत. नांगरलेल्या जहाजाने एका मिनिटाहून अधिक खंड न पाडता सुमारे पाच सेकंद घंटा जलद वाजवायची, असा त्यांतला एक नियम आहे. १२ मीटरपेक्षा लहान होडीला घंटेची सक्ती नसली, तरी दुसरा कोणता तरी ठळक आवाज दोन मिनिटांहून अधिक खंड न पाडता करावाच लागतो. थंडीत पहाटे आपल्या खाड्या धुक्याने भरतात तेव्हा हे संकेत ऐकू यायला हवेत. कोणी पाण्यात पडला तर त्याची हाकही ऐकू यायला हवी. स्पीकरच्या ठोक्यांत यांतले काहीही ऐकू येत नाही.

गेल्या जानेवारीतल्या एका रात्री दहाच्या सुमारास एक मोठी मोटरबोट आत आली आणि भरपूर जागा मोकळी असताना सगळ्यांच्या वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येत होता तिकडे, येऊन थांबली. नांगराची साखळी धडधडत सुटली, मग गाणी सुरू झाली, मग माइक आला. दोन वाजून गेल्यावर संगीत थांबले, पण वातानुकूलनासाठी लावलेला जनरेटर उजाडेपर्यंत चालूच होता. माझ्या शेजारच्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तीनला उठून इंजिन तपासत होता. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, ‘‘रातभर लगीन ह्यांचा आणि जागरण आमका!’’ त्याच्या ट्रॉलरवर सहासात माणसे होती आणि त्यांतल्या कोणाचाही डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. न झोपलेल्या माणसांनी हलत्या डेकवर, जाळे ओढणाऱ्या यंत्राजवळ दिवसभर काम करायचे, याचा अर्थ ज्याने ते यंत्र पाहिले आहे त्याला सांगायला नको.

आता आमच्या हौशी मंडळींविषयी. ट्रॉलरची इंजिने पहाटे धडाडतात, खलाशी मोठमोठ्याने एकमेकांना हाका मारतात, अशी तक्रार मी यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. तो आवाज पोटापाण्याचा आहे आणि खाडी आधी त्यांची आहे. गावच्या जत्रेत दशावतार रात्रभर चालला, तरी पाहुण्याने त्याबद्दल नाक मुरडू नये; शक्य असेल तर किनाऱ्यावर जाऊन तो पाहावा. सवाल आहे तो गरज नसताना केल्या जाणाऱ्या आवाजाचा, आणि तो बंद करणे बहुतेक वेळा अगदी सोपे असते.

जनरेटर संध्याकाळीच चालवून बॅटऱ्या भरून घ्याव्यात. पंखे, दिवे आणि लहान फ्रिज त्यांवर रात्र काढतात. वातानुकूलनाशिवाय ज्यांना झोपच येत नाही, त्यांनी इतरांपासून लांब आणि वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा आवाज इतरांपासून दूर नेईल तिथे, नांगर टाकावा. शक्यतो उजेड असतानाच मुक्कामी यावे. अंधारात यावे लागलेच तर साखळी एकदम न सोडता हळूहळू सोडावी. डिंगीचे, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीचे, इंजिन नांगरलेल्या होड्यांमधून जाताना अगदी मंद ठेवावे, कारण त्रास आवाजापेक्षाही मागे उठणाऱ्या लाटेचा होतो आणि झोपलेला माणूस त्या लाटेने बिछान्यातून खाली येऊ शकतो. शिडाच्या नौकावाल्यांनी स्वतःला सोज्वळ समजण्याचे कारण नाही. शीड चढवण्याची दोरी ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला लागून ठेवली की वारा सुटल्यावर ती रात्रभर टणटण वाजत राहते आणि होडीचा मालक बहुधा किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये गाढ झोपलेला असतो. ती दोरी बाजूला ओढून बांधून टाकायला अर्धा मिनिटही लागत नाही. शेजाऱ्याला सांगायची वेळ आलीच, तर दुरून शिट्ट्या आणि शिव्या देण्याऐवजी वल्हवत जवळ जावे आणि पहाटे आपल्याला कितीला निघायचे आहे ते सांगावे. बहुतेक लोक ऐकतात.

जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ‘पाण्यावर हे नियम लागू नाहीत’ असे त्या रात्री मला ऐकवण्यात आले. नियमांतली सार्वजनिक जागेची व्याख्या मात्र लोकांना जिथे प्रवेश आहे अशी कोणतीही जागा, इतकी व्यापक आहे, आणि खाडीत तर कोणीही होडी घेऊन येऊ शकतो. खरी अडचण अंमलबजावणीची आहे. ठाण्यातून निघालेला हवालदार धक्क्यापर्यंत येतो आणि पुढे न्यायला होडी नसल्यामुळे तिथून परततो.

म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, हौशी नौका मुक्काम करतात त्या प्रत्येक बंदराच्या धक्क्यावर रात्रीची वेळ, नांगरण्याची जागा आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक सांगणारा फलक मराठी, हिंदी व इंग्रजीत लावावा, आणि भाड्याने नौका देणाऱ्यांच्या परवान्यात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक न लावण्याची अट घालावी. तक्रार आल्यास पोलिसांना नौकेपर्यंत कोणाच्या होडीने नेले जाईल आणि तिच्या डिझेलचा खर्च कोण देईल, हेही त्याच वेळी मच्छीमार सोसायट्यांशी बोलून ठरवावे. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यापासून पहिल्या पाहुण्या नौका येईपर्यंत दोनतीन महिने हाताशी असतात, तेवढ्यात हे काम होण्यासारखे आहे.

आपला नम्र,
एक शीडहोडीवाला वाचक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग