सभेच्या खोलीचे कुलूप काढा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

एका सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर गेल्या महिन्यापर्यंत दर आठवड्याला संध्याकाळी दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची सभा भरत असे, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांच्या बायका, आई-वडील, भावंडे आणि मोठी झालेली मुले एकत्र बसत. या दुसऱ्या खोलीत बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. या दोन्ही खोल्या आम्हाला आपल्याच खात्याने दिल्या होत्या. दारू सोडणाऱ्यांना आधार देणाऱ्या प्रत्येक गटाला रुग्णालयात विनाअट जागा मिळेल, हे आश्वासन आपण जाहीर व्यासपीठावरून दिले होते आणि ते ऐकून आमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. आज त्या दोन्ही खोल्यांना कुलूप आहे.

कारण असे सांगितले गेले की, नव्या आदेशानुसार सभेला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक नोंदवहीत लिहिला गेला पाहिजे आणि त्या नोंदवहीची प्रत दरमहा प्रशासनाकडे गेली पाहिजे. गटाने नम्रपणे नकार दिला. पुढच्या सभेच्या दिवशी दाराला कुलूप होते आणि ते का लावले हे सांगायलाही कोणी जबाबदार व्यक्ती तिथे थांबली नव्हती. त्या संध्याकाळी एक तरुण पहिल्यांदाच आला होता. त्याच्या बहिणीने त्याला अनेक महिने समजावून तिथवर आणले होते. बंद दार पाहून तो माघारी वळला, तो परत आलेला नाही.

महोदय, नाव न सांगण्याचा हा नियम कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा एक शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघेही दारूने पुरते खचलेले होते, दोघांनाही डॉक्टर आणि नातेवाईक उपदेश करून थकले होते, आणि तरीही एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलण्यात जी ताकद निघाली ती त्या सगळ्या उपदेशांत नव्हती. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली आणि ‘अनॉनिमस’, म्हणजे निनावी, हा शब्द तिच्या नावातच राहिला. सभासद होण्यासाठी तिथे एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही आणि खर्च सभासदांनीच भागवायचा, हाही त्यांचा जुना दंडक आहे. आमच्याही गटात सभेच्या शेवटी एक पिशवी फिरते आणि ज्याला जमेल तो त्यात काही टाकतो. आम्ही आपल्याकडे अनुदान कधीच मागितले नाही. खोलीचे भाडे द्यायलाही आम्ही तयार होतो.

आमच्या सभेत वाहन चालवून पोट भरणारे आहेत, शिक्षक आहेत, रुग्णालयातच काम करणारी एक परिचारिका आहे, आणि मुलाचा ताबा जाईल या भीतीने घरातल्या कोणालाही न कळवता येणारी एक आई आहे. यांतल्या कोणाचे नाव सरकारी वहीत गेले आणि ते नोकरीच्या ठिकाणी किंवा न्यायालयात पोहोचले, तर त्याची भरपाई कोण करणार? पहिल्या सभेला येणारा माणूस बहुतेक वेळा आधी फाटकाबाहेर घुटमळतो, घड्याळ पाहतो, कोणी ओळखीचे दिसते का ते पाहतो आणि मगच आत पाऊल टाकतो. त्याच्या वाटेत टेबल, वही आणि ओळखपत्र मागणारा कर्मचारी उभा केला, की तो परत फिरतो. हे समजण्यासाठी समितीची गरज नाही.

आपल्या खात्यातील एका अधिकाऱ्याने आम्हाला सांगितले की, अशा सभांचा उपयोग होतो याला शास्त्रीय आधार नाही. महोदय, हे विधान चुकीचे आहे आणि आरोग्य खात्याच्या कार्यालयात ते उच्चारले जावे याची मला लाज वाटते. २०२० मध्ये उपचारांवरील संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि त्यांत सहभागी झालेल्या १०,५६५ लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. या सभांशी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षानंतर पूर्णपणे दारूपासून दूर होते, तर इतर मानसोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात दारूमुळे जगभरात २६ लाख माणसे मेली, आणि दारूच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांची संख्या ४० कोटी आहे. परस्पर मदतीचे गट उपयुक्त आहेत हे संघटनेने त्या वेळी स्पष्टपणे मांडले, आणि माहिती देणाऱ्या देशांपैकी जवळपास निम्म्या देशांत असे गट उपलब्धच नाहीत, याकडेही लक्ष वेधले. जिथे असे गट आहेत, तिथे त्यांना आपण कुलूप लावत आहात.

आता मला माझ्या घराबद्दल बोलले पाहिजे, कारण आकडे वाचून कोणाची झोप उडत नाही.

माझ्या पतींनी कोणाचीही मदत न घेता, केवळ निर्धाराच्या बळावर, एका दिवसात दारू बंद केली होती. आम्ही सगळे आनंदात होतो. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक दारू तोडली तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी हात कापू लागले, घामाने कपडे भिजले. दुसऱ्या रात्री ते भिंतीवर चालणारे किडे दाखवू लागले, जे तिथे नव्हते. मी त्यांना एका रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले. तिथे कामावर असलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलेही नाही. “दारुड्यांसाठी इथे खाट नाही, घरी न्या, झोपले की ठीक होतील,” असे ते म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. पहाटे घरी त्यांना आकडी आली. जीभ दाताखाली सापडून तोंडातून रक्त येत होते आणि माझी मुलगी दारात उभी राहून ते पाहत होती.

दारू थांबवल्यावर सहा तासांपासून थरथर सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि त्यानंतर तीव्र भ्रम, ताप आणि हृदयाची अनियमित धडधड यांनी माणूस दगावू शकतो, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात आहे. वेळेवर योग्य औषधे आणि थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन मिळाले तर यातले बहुतेक रुग्ण वाचतात. दुसऱ्या एका रुग्णालयात आम्हाला ते उपचार मिळाले, म्हणून आज मी हे पत्र पत्नी म्हणून लिहीत आहे. तिथून निघताना एका परिचारिकेने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर फक्त सभेचा वार, वेळ आणि खोलीची जागा लिहिली होती. आपल्या साऱ्या यंत्रणेने आमच्यासाठी जे केले त्यात ती चिठ्ठी सर्वांत मोलाची होती, आणि ती तिने स्वतःहून दिली होती.

त्याआधीची वर्षे मी कशी काढली, हे आपल्या कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावणार नाही. झोपेत उलटी होऊन घुसमटू नयेत म्हणून मी त्यांना कुशीवर वळवून ठेवत असे आणि श्वास ऐकत जागत असे. त्यांच्या कार्यालयात फोन करून ताप आल्याचे मी इतक्या वेळा सांगितले, की पलीकडचा माणूस माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच “बरं” म्हणू लागला. नातेवाइकांनी मला विचारले की, तुला नवरा आवरता येत नाही का. त्याच नातेवाइकांनी त्यांनी दारू सोडल्यानंतर प्रत्येक समारंभात “एकाने काय होते” म्हणत त्यांच्या हातात पेला देण्याचा प्रयत्न केला. माझा रक्तदाब वाढला, माझे केस गळले, माझ्या मुलीने मैत्रिणींना घरी बोलावणे सोडले. या काळात एकाही सरकारी डॉक्टरने मला विचारले नाही की, बाई, तुम्ही कशा आहात.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो शेजारच्या त्या खोलीत. दारू पिणाऱ्याच्या घरातली माणसेही आजारी पडतात, हे ओळखून १९५१ मध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी कुटुंबीयांच्या गटांना अल-अनॉन या नावाने एकत्र आणले. क्रोएशियातील झाग्रेब येथे डॉ. व्लादिमिर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये दारू सोडणाऱ्यांचा पहिला क्लब सुरू केला तेव्हा पिणाऱ्यासोबत त्याचे सारे कुटुंब तिथे बसेल, असाच त्यांचा आग्रह होता, आणि पुढे हे क्लब इटलीतही मोठ्या प्रमाणावर पसरले. त्या खोलीत मी शिकले की, बाटल्या लपवणे, खोटे फोन करणे आणि शपथा घ्यायला लावणे याने दारू सुटत नाही. माझ्या पतींना त्यांच्या खोलीत ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच सांगितले गेले, आणि तलफ आली की पेल्याआधी फोन उचलायचा, हे त्यांनी अंगी बाणवले. मध्यंतरी ते घसरले, तेव्हा गटातला एक गृहस्थ रात्री आमच्या घरी आला आणि उजाडेपर्यंत त्यांच्याजवळ बसला. त्याचे आडनाव मला आजही माहीत नाही. आपल्या नव्या आदेशानुसार त्या गृहस्थाचे आडनाव, फोन आणि ओळखपत्र आधी नोंदवावे लागेल.

मला आता या व्यवस्थेबद्दलच बोलावेसे वाटते. दारूवरील कर शेवटच्या पैशापर्यंत मोजून गोळा करणारे शासन दारूने मोडलेल्या माणसासाठी एक खोली आणि आठवड्यातले दोन तास देताना अटी घालते. परवाना देताना विक्रेत्याला विचारले जात नाही की तुझ्या गिऱ्हाइकांपैकी किती जण रुग्णालयात पोहोचले, पण दारू सोडणाऱ्यांच्या सभेकडे हजेरीपट मागितला जातो. जनजागृतीचे फलक लागतात, शपथा घेतल्या जातात, छायाचित्रे छापून येतात, आणि त्याच दिवशी अपघात विभागात कोणाच्या तरी नवऱ्याला तपासणीविना घरी पाठवले जाते. नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही तलफ आटोक्यात ठेवायला मदत करणारी औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आमच्या गटात ती कोणाला सरकारी औषधालयातून मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर त्याला कोणी हाकलत नाही, मग दारू पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाला “तुम्हाला सुधारायचेच नाही” असे का ऐकावे लागते?

आणि जे अजून त्या टोकाला गेलेले नाहीत त्यांचे काय? सगळ्यांनाच सभेची गरज नसते. पिणे वाढत चालल्याची शंका आलेल्या माणसाला वेळेवर कोणी विचारले, तर तो स्वतःहून प्रमाण कमी करू शकतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, ती भरायला काही मिनिटे लागतात, आणि डॉक्टरांनी त्यानंतर केलेल्या थोडक्या समुपदेशनानेही पिणे कमी होते. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, हे याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या रुग्णाला धूम्रपानाबद्दल विचारतात, तसे दारूबद्दलही विचारले गेले असते, तर माझ्या पतींना ती रात्र पाहावी लागली नसती, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझ्या मागण्या लेखी मांडते. नोंदवहीचा आदेश परस्पर मदतीच्या गटांपुरता तरी तत्काळ मागे घ्यावा आणि आमच्या दोन्ही खोल्या पूर्वीच्याच वेळी उघडाव्यात. किती माणसे आली हा आकडा हवा असेल तर गट तो आनंदाने देईल, नावे मात्र देणार नाही. दारू थांबवल्याने होणारा त्रास हा तातडीचा आजार मानून अपघात विभागात त्याची तपासणी आणि भरती बंधनकारक करावी, आणि तपासणीविना परत पाठवणाऱ्याला जाब विचारला जावा. त्या परिचारिकेने मला जी चिठ्ठी दिली, तशी माहिती प्रत्येक रुग्णाच्या घरी सोडतानाच्या कागदावर छापलेली असावी, आणि रुग्णाची इच्छा असेल तर गटातल्या एखाद्याला वॉर्डात येऊन भेटण्याची परवानगी मिळावी. तलफेवरची औषधे सरकारी औषधालयात ठेवावीत.

आपल्या कार्यालयाला यापूर्वी पाठवलेल्या पत्रांना “आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे” एवढेच उत्तर आले. या पत्राला तसे उत्तर नको. आदेश कोणी काढला, तो काढण्याआधी दारू सोडलेल्या एका तरी माणसाशी कोणी बोलले होते का, आणि खोल्या कोणत्या तारखेला उघडणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या सहीने हवी आहेत. बंद दारावरून माघारी गेलेल्या त्या तरुणाची बहीण अजून दर आठवड्याला मला विचारते की, सभा आता कुठे भरते. तिला सांगायला माझ्याकडे पत्ता असला पाहिजे.

आपली,
कुटुंबीयांच्या गटातील एक सदस्य