रायफल नंतर घ्या, आधी रेंज बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून नाशिकमध्ये नेमबाजीची चौकशी करणारे पालक पहिला प्रश्न हाच विचारतात : "कोणती रायफल घेऊ?" रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, कुठे आहे, ती राज्य संघटनेशी संलग्न आहे का, तिथे मूल सुरक्षित राहील का, हे प्रश्न रायफलचे पैसे भरून झाल्यावर येतात. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

रेंज शोधायला सर्वांत सोपी जागा म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. शालेय नेमबाजी स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची रायफल), पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची रायफल) आणि एअर पिस्तूल अशा प्रकारांत होतात. मागच्या वर्षीच्या जिल्हास्तरीय निकालाचा कागद मिळवा. त्यात ज्या शाळांची नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या क्रीडाशिक्षकांना मुले कुठे सराव करतात ते विचारा. जाहिरातीपेक्षा हा कागद जास्त खरे सांगतो. मग त्या क्लबचे महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी संलग्नीकरण चालू आहे का, याचा लेखी पुरावा बघावा. राज्य स्पर्धा, मावळणकर स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा ही वाट संलग्न संस्थेतूनच जाते. संलग्नीकरण नसलेल्या ठिकाणी दोन वर्षे घाम गाळलेल्या मुलाला ऐन प्रवेशिकेच्या वेळी दुसरा क्लब शोधावा लागतो.

देवळालीचा तोफखान्याचा परिसर आणि त्र्यंबक रस्त्यावरची पोलिस अकादमी यांच्यामुळे आपल्या शहरात गोळीबाराची मैदाने भरपूर आहेत असा समज आहे. ती जवानांच्या आणि पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी आहेत, नागरिकांच्या रोजच्या सरावासाठी नाहीत. शाळा-महाविद्यालयांच्या रेंजवर पहिला हक्क त्यांच्या विद्यार्थ्यांचा असतो. बाहेरच्यांसाठी वेगळी तुकडी आहे का आणि परीक्षेच्या दिवसांत ती बंद राहते का, हे आधीच विचारावे. गंगापूर धरणाकडच्या एखाद्या रिसॉर्टवर फुगे फोडायला ठेवलेली बंदूक म्हणजे जत्रेतला खेळ. त्याला रेंज म्हणता येणार नाही.

पहिल्या भेटीला मोजमापाची टेप घेऊन जा. यात संकोचण्यासारखे काही नाही, चांगला प्रशिक्षक स्वतः टेपचे दुसरे टोक धरतो. फायरिंग लाइनपासून, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या रेषेपासून, टार्गेटच्या दर्शनी बाजूपर्यंत १० मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर आणि प्रत्येक खेळाडूला किमान १ मीटर रुंदीची लेन हवी. टार्गेटवरचा उजेड किमान १५०० लक्स असावा. मोबाइलवरच्या ॲपने त्याचा ढोबळ अंदाज येतो. ट्यूबलाइटचा प्रकाश टार्गेटऐवजी नेमबाजाच्या डोळ्यांत येत असेल, तर तासाभरात डोळे चुरचुरू लागतात आणि मूल दुसरा डोळा घट्ट मिटून नेम धरण्याची वाईट सवय लावून घेते. छताचा पंखा टार्गेटजवळ नसावा. एवढ्या अंतरात छर्रा वाऱ्याने फारसा हलत नाही, पण पुलीच्या तारेला लटकलेले टार्गेटचे कार्ड झुलते.

मग टार्गेटच्या मागे बघा. छर्रे पकडणारी लोखंडी पेटी आहे का, तिची आतली पाटी तिरकी आहे का? सरळ उभ्या पाटीवर आदळलेला शिशाचा तुकडा माघारी उडतो. फायरिंग लाइनच्या पुढे उघडणारे दार किंवा खिडकी असेल, तर ती सराव चालू असताना आतून बंद हवी. भिंतीवर टार्गेटच्या आजूबाजूला करड्या ठिपक्यांची गर्दी दिसली, तर भरकटलेले छर्रे कुठे जातात ते कळते. आणि झाडू! शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवत असतील तर ती तिथल्या सगळ्यांच्या नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसणे, हात धुवायला साबण-पाणी, रेंजवर डबा न खाणे, हे नियम भिंतीवर लिहिलेले असले तर उत्तम, पाळलेले दिसले तर त्याहून उत्तम.

दहा मिनिटे नुसते उभे राहून ऐका. "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड" ही आज्ञा एकच माणूस देतो का? "स्टॉप" ऐकल्यावर सगळी बोटे ट्रिगरवरून निघतात का? टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक रायफलच्या नळीतून नारिंगी सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी असल्याच्या खुणेची) दोरी बाहेर आलेली दिसते का? कार्ड आणायला कोणी पुढे गेलेले असताना दुसरा कोणी रायफलला हात लावत असेल, तर तिथून परत या. बाकी कितीही सोयी असोत.

आता क्लबच्या रायफलीबद्दल, कारण नवख्यांचे सर्वाधिक हाल इथे होतात. १० मीटर एअर रायफलच्या कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य नेमक्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला की दहा गेले. फ्रंट साइट आणि पीप साइट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर साइट ०.२ मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या दोन पानांच्या जाडीइतकी, हलली की टार्गेटवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो. एकच रायफल सकाळपासून सहा जण वापरत असतील, प्रत्येक जण साइटचे नॉब फिरवत असेल, खांद्याला टेकणारी बट प्लेट आणि गालाची पट्टी वरखाली करत असेल, तर सातव्या मुलाचे छर्रे विखुरणारच. दोष त्याचा नसतो, पण वहीत तसा लिहिला जातो. म्हणून विचारा : एका रायफलीमागे किती मुले? प्रत्येकाचे साइट आणि बट प्लेटचे आकडे वहीत लिहून ठेवतात का? साइटचे स्क्रू किती दिवसांनी तपासतात? डावखुऱ्या मुलासाठी काही सोय आहे का?

छर्रेही बघून घ्या. सपाट तोंडाचा मॅच छर्रा कागदाला पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडतो. गोल तोंडाचा छर्रा कागद फाडतो. त्या फाटक्या कडेवर गेज लावून नऊ की दहा हे ठरवता येत नाही आणि मग वाद होतात. डबी आपटलेली असेल तर छर्र्यांच्या मागच्या पातळ कडा दबतात आणि असे छर्रे इकडेतिकडे जातात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. कागदाची पट्टी पुढे सरकली नाही तर आधीच्या भोकातूनच छर्रा जातो आणि यंत्र त्याची नोंद चुकवते.

स्पर्धेच्या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात. बहुतेकांचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. सावकाश भरावे लागते, घाई केली की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. कॉम्प्रेसरचा ओलावा गाळणारा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर पावसाळ्यात पाणी थेट झडपेत जाते. दाब ठरावीक पातळीखाली आला की छर्रे खाली लागायला लागतात आणि मूल साइट फिरवत बसते. जुनी रायफल विकत घेणाऱ्याने सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नामांकित जर्मन कंपन्या आपल्या सिलिंडरची मुदत दहा वर्षे देतात. त्यानंतर तो बदलायचा, रायफल कितीही चकचकीत असली तरी. स्प्रिंगच्या रायफलीला हवेची कटकट नाही, पण छर्रा न घालता ट्रिगर दाबला तर पिस्टनचे सील खराब होते, आणि कॉक करताना लिव्हर हातात घट्ट धरला नाही तर बोटे चेमटतात.

प्रशिक्षक कसा ओळखावा? पहिल्याच दिवशी ६० छर्रे हातात देतो तो घाई करतो आहे. सुरुवातीचे बरेच तास छर्र्यांविना जायला हवेत : पाय खांद्याइतके फाकवून उभे राहणे, उजव्या हाताच्या मुलाने डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवणे, रायफलीचा भार स्नायूंवर न घेता हाडांवर घेणे. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, पाय सरकवायचा. ट्रिगर दाबल्यानंतरही एक-दोन सेकंद नेम तसाच ठेवायचा. पाच छर्रे एका ठिकाणी पण मध्यापासून दूर लागले तर साइटच्या नॉबचे क्लिक फिरवायचे. पाचही विखुरले तर उभे राहणे आणि श्वास तपासायचा. प्रत्येक छर्र्यामागे साइट फिरवायला लावणाऱ्या प्रशिक्षकाकडून मूल फक्त नॉब फिरवायला शिकेल.

शुल्क विचारताना "महिन्याला किती" एवढ्यावर थांबू नका. छर्रे, कार्ड, हवा, रायफलीचा वापर, राज्य संघटनेची नोंदणी, यांतले काय धरले आहे ते लिहून घ्या. कॅनव्हासचे जॅकेट आणि ट्राउझर वाढत्या मुलासाठी लगेच शिवू नयेत, वर्षभरात आखूड होतात. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. बारा वर्षांच्या सडपातळ मुलाच्या कमरेला ते झेपते का, हे क्लबच्या रायफलीवर पाहता येते. पिस्तूलची मर्यादा दीड किलो, पण ते एका हाताने धरायचे असते. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठीच यायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे, त्यात गैर काही नाही. प्रशिक्षकाला मुलाचा सराव त्याप्रमाणे आखता येतो.

कायद्याबद्दल थोडे, कारण गोंधळ मोठा आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पॉइंट १७७, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट २२ बोअरच्या एअर रायफलीला लागतो. "जरा जोरदार" म्हणून ती घेऊ नका. परवाना लागत नाही याचा अर्थ कॉलेज रोडच्या गच्चीवरून नेम धरायला मोकळीक आहे, असा नाही. पक्ष्यांवर रोखणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरसारखे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे. रायफल बंद केसमध्ये, छर्रे वेगळ्या पिशवीत, सोबत बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र, अशीच न्यावी. पॉइंट २२ ची खरी काडतुसाची रायफल हा निराळा विषय. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे शेतात बांध घालून सराव करण्याचा विचारही नको. क्लबचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. शहरात पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि परवान्याची मुदत पाच वर्षे असते. १० मीटरवर एक-दोन वर्षे नियमित काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विनंती अशी, की शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका सुरू होण्याआधी हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात आणि कार्यालयाच्या फलकावर जिल्ह्यातल्या संलग्न क्लबांची यादी लावावी. पत्ता, लेनची संख्या, वेळा, शुल्क, प्रशिक्षकाची पात्रता, मुलींच्या तुकडीची वेळ आणि जवळचा सिटीलिंक बसचा थांबा, एवढे त्यात असावे. सिडको, सातपूर, नाशिकरोडच्या मुलींचा सराव अनेकदा संध्याकाळच्या परतीच्या बसवर अडतो. क्लबांनीही महिन्यातला एक रविवार सकाळी दोन तास दार उघडे ठेवावे, टेप घेऊन येणाऱ्या पालकांसाठी.

आपले,
नेमबाजी प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक,
गंगापूर रोड, नाशिक