होड्या शाकारलेला किनारा

पुणे, आषाढ अमावास्या

प्रिय सुध्या,

फोनवर तू म्हणालास, "पावसात कोकणात जाऊन करणार काय? मासे नाहीत, किल्ले बंद, समुद्रात पाऊल टाकू देत नाहीत." तिन्ही गोष्टी बऱ्याचशा खऱ्या. तरी आम्ही दोघं गेलो, आणि तुझ्या वहिनीचा हुकूम आहे की नुसते फोटो पाठवू नकोस, नीट लिही.

मुंबई-गोवा महामार्ग मुद्दाम टाळला. दापोलीकडून दाभोळला उतरलो, फेरीबोटीत गाडी चढवली आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला लागलो. पुढे गुहागर, हेदवी, मग तवसाळहून पुन्हा फेरीबोट, पलीकडे जयगड. हा रस्ता म्हणजे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, चढा, खाडीत उतरा, परत सडा चढा. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, प्रत्येक नदी समुद्राला मिळण्याआधी तुम्हाला खाली ओढून नेतेच. रेवस-रेडी सागरी मार्गाचे पूल झाले की वेळ वाचेल. मला मात्र जेटीवर ताटकळण्यातच मजा आली. पाऊस, चहा, आणि बोट पलीकडून निघाली का याबद्दल अनोळखी माणसांशी गप्पा.

हेदवीची बामणघळ, किनाऱ्यावरच्या कातळातली ती फट, तू पाहिली आहेस, पण हिवाळ्यात. ते खरं पाहणं नव्हे. तिथल्या एका आजोबांनी हिशेब शिकवला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी वद्य तृतीया, म्हणजे सव्वादोन. पौर्णिमेचं उधाण अजून ओसरलं नव्हतं. कातळावर शेवाळ, त्यामुळे आम्ही उमामहेश्वराच्या देवळापाशीच थांबलो, पुढे गेलो नाही. लाट त्या अरुंद फटीत शिरते तेव्हा आधी काहीच दिसत नाही. आतून नुसता एक दबका हुंकार येतो. तो जिरला असं वाटतं न वाटतं तोच पाण्याचा खांब उभा राहतो आणि वारा तो मोडून आपल्या अंगावर आणून टाकतो. चष्म्यावर मीठ. तुझी वहिनी, जी घरी नळाच्या थेंबाला वैतागते, ती तासभर तिथून हलेना.

माशांचं सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे बंदरात सगळ्या शाकारून ठेवलेल्या, आणि सुरमई मागणाऱ्या पाहुण्याकडे लोक दयेने बघतात. आम्हाला मिळालं ते कुळथाची पिठी, भाजलेलं सुकट, फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी. एकदा खाडीतल्या कुर्ल्या. सीझनमधल्या त्या एकसारख्या थाळ्यांपेक्षा शंभरपट बरं, हे माझं मत. भांडायचं तर ये.

गणपतीपुळ्याला फार रेंगाळलो नाही. मालगुंडला केशवसुतांच्या घरात थोडं बसलो, बाहेर कोसळत होतं म्हणून जरा जास्तच. आरे-वारेच्या वळणावर ढगांनी समुद्र पुसूनच टाकलेला.

पण कशेळी! तिथल्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, तब्बल अठरा मीटरांच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, नाना प्राणी. कोणी कोरला, का कोरला, ठाऊक नाही. 2022 साली कोकणातली अशी काही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. उन्हाळ्यात हे सगळं तापलेल्या जांभ्यात विरून जातं म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा खाचांमध्ये पाणी साचलं होतं आणि रेघा चकाकत होत्या. बाकीचा सडा कोवळ्या गवताने हिरवा. तुझी वहिनी छत्री धरून हत्तीच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत कडेकडेने चालली, आणि आपण हत्तीला प्रदक्षिणा घातली असं जाहीर केलं.

किल्ल्यांबद्दल तू अर्धाच बरोबर. जंजिरा, सिंधुदुर्ग पावसात बंद, कारण होड्याच सुटत नाहीत. विजयदुर्गाला जमिनीवरून जाता येतं. तटावर उभं राहून वाघोटन नदीचं तांबडं पाणी समुद्रात घुसताना बघितलं. दोन रंगांची शीव कितीतरी दूरपर्यंत मोडत नव्हती. तिथे आम्ही दोघं आणि एक भिजलेलं कुत्रं, बस्स.

आमचं भांडण झालंच, वायपरवरून. पण ते तिच्या तोंडून ऐक.

पुढच्या आषाढात निघणार असशील तर गाडीचे टायर आणि ब्रेक आधी दाखवून घे, पेट्रोल दिसेल तिथे भर, रोख पैसे ठेव, आणि वाऱ्यामुळे फेरीबोट थांबली तर चिडू नकोस. अंधार पडल्यावर सड्यावर गाडी घालू नकोस, धुक्यात रस्ता दिसत नाही. काकूंना आमचा नमस्कार सांग. आमसुलं आणली आहेत, येशील तेव्हा ने.

तुझा,
पक्या