त्या पोराला काढू नकोस

प्रिय गड्या,

स.न.वि.वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू चिडला असशील, तो राग भेटल्यावर काढ. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो ते तुझ्या त्या एका वाक्यामुळे. डाव्या पायानं खेळणाऱ्या त्या पोराला मोसमाच्या मध्यावर तुझ्या फुटबॉल संघातून काढतोयस इथवर ठीक होतं. पण पुढं लिहिलंस, “नाहीतर दुसरा स्टॅन बोल्स व्हायचा.” बोल्सचं नाव तू शिवीसारखं वापरलंस, लेका. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुलाच लिहितो.

बोल्स होता काय? सत्तरच्या दशकातला इंग्लंडचा फुटबॉलपटू. मँचेस्टर सिटीनं सोडलेला, मग बरी, क्रू, कार्लाइल असा फिरत १९७२ च्या सप्टेंबरात १ लाख १२ हजार पौंडांना लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबात आला. रॉडनी मार्श गेल्यावर रिकामी झालेली १० नंबरची जर्सी यानं अंगात घातली. जुगारी होता, हे मी कधी नाकारलंय? पण त्या काळची रोजची वेळ बघ. सराव दुपारच्या आत संपायचा, १९६१ पासून इंग्लंडात सट्ट्याची दुकानं कायदेशीर झालेली, त्याच वर्षी खेळाडूंच्या कमाल वेतनाची आठवड्याला २० पौंडांची मर्यादाही गेलेली. खिशात पैसा आणि अख्खी दुपार मोकळी. तुझा पोरगाही सराव संपल्यावर संध्याकाळपर्यंत कुठं असतो, हे कधी विचारलंस का त्याला? मला वाटतं निम्मं दुखणं तिथं आहे.

आता प्रशिक्षक डेव्ह सेक्स्टनकडं बघ. चेल्सीत असताना त्याचं पीटर ऑसगुड आणि ॲलन हडसन या दोघांशी इतकं बिनसलं की १९७४ च्या सुरुवातीला एक साउदॅम्प्टनला, दुसरा स्टोकला. त्याच सालच्या ऑक्टोबरात तोच सेक्स्टन रेंजर्समध्ये आला आणि तिथं बोल्ससारखा खेळाडू त्याच्या हाताखाली फुलला. माणूस तोच, शिस्तही तीच. फरक होता मांडणीत. डॉन मॅसन मागून खेळ चालवायचा, जेरी फ्रान्सिस पोटतिडकीनं पुढं धावायचा, डेव्ह थॉमस कडेनं क्रॉस टाकायचा, डॉन गिव्हन्स बचावाला मागं ओढायचा. चौघांची कामं पक्की होती म्हणून पाचव्याला मोकळं सोडता आलं. १९७५-७६ ला इंग्लंडच्या लीगमध्ये रेंजर्स ५९ गुणांवर दुसरे, लिव्हरपूल ६० वर पहिले. शेवटच्या सामन्यात लीड्सला २-० हरवलं, दुसरा गोल बोल्सचा, आणि मग दहा दिवस हातावर हात धरून बसावं लागलं, कारण लिव्हरपूलचा सामना बाकी होता. तो त्यांनी वुल्व्ह्सच्या मैदानावर ३-१ जिंकला. पुढच्या मोसमात युरोपातल्या क्लबांच्या युएफा कपमध्ये बोल्सचे ११ गोल. हा का बिघडलेला खेळाडू?

तू आता मार्शचं नाव काढणार. काढ. त्याच्यावरून झालेल्या आपल्या भांडणात मास्तरांनी तुझी बाजू घेतली होती आणि निम्मी बरोबरच होती. १९७२ च्या मार्चमध्ये सिटी पहिल्या नंबरवर असताना त्याला २ लाख पौंडांना आणलं आणि मोसम संपला तेव्हा सिटी चौथी, विजेत्या डर्बीपेक्षा एका गुणानं मागं. तू म्हणायचास, मार्श चेंडू पायात ठेवायचा म्हणून. मी म्हणतो, वेगात आणि सरळ खेळणाऱ्या संघाची घडी मोसमाच्या शेवटी बदलली म्हणून. चेंडू आल्याबरोबर पुढं जाणारी माणसं आता थांबून बघायला लागली. म्हणजे तुझ्या मुद्द्यातूनच माझा निघतो: मोसम चालू असताना मांडणी हलवायची नसते. आणि तू नेमकं तेच करतोयस!

बोल्सच्याच जातीच्या खेळाडूंचं इंग्लंडच्या संघानं काय केलं ते आठव. बोल्स ५ सामने, फ्रँक वर्दिंग्टन ८, मार्श ९, हडसन २, ऑसगुड ४, चार्ली जॉर्ज १, टोनी करी १७. सातजण मिळून ४६. लिव्हरपूलच्या एकट्या एमलिन ह्यूजचे ६२. सगळा दोष निवडणाऱ्यांचा नव्हता. हडसननं २३ वर्षांखालच्या संघाबरोबर दौऱ्यावर जायला नकार दिला, बंदी ओढवून घेतली. बोल्स १९७४ मध्ये सामन्यातून बाहेर काढल्यावर इंग्लंडचं शिबिरच सोडून गेला. पण चार्ली जॉर्जचा तो एकच सामना बघ. इंग्लंडचा प्रशिक्षक रेव्ही, त्यानं त्याला डाव्या कडेला उभा केला आणि मग बदलला. मधल्या जागेवरून गोलवर फटका मारणाऱ्याला रेषेला चिकटवलं, तर तो काय करणार? तू पोराला डाव्या कडेला टाकतोस कारण त्याचा पाय डावा आहे. तिथं त्याला एकच वाट उरते, रेषा आणि समोरचा बचावपटू यांच्या मधली. आत घे त्याला, स्ट्रायकरच्या मागं.

हे लोक कसल्या मैदानावर हे करत होते तेही लक्षात घे. जानेवारीत अर्धं मैदान चिखल, भिजून जड झालेला चेंडू, मागून येणारे टॅकल जवळजवळ माफ, पिवळी-लाल कार्डं तर तिथल्या लीगमध्ये १९७६ च्या ऑक्टोबरात आली. चिखलात जमिनीवरून चेंडू पळत नाही, म्हणून तो पायावर उचलून हवेत ठेवायची सवय. ती नुसती मिजास नव्हती.

वर्दिंग्टनचा १९७९ चा इप्सविचविरुद्धचा गोल पोराला दाखव, पण असा दाखव: गोलकडं पाठ, चेंडू डोक्यानं वर घेतला, डाव्या पायावर खेळवला, मग स्वतःच्या आणि मागच्या बचावपटूंच्या डोक्यावरून मागं टाकला आणि वळून डाव्यानंच व्हॉली, म्हणजे चेंडू हवेत असतानाच फटका. पोरं इथं चुकतात ती दोन कारणांनी. बोटांनी झटका देतात, मग चेंडू सरळ वर जातो. पायाच्या वरच्या भागानं, चेंडूच्या खालून, हळू ओढून मागं टाकायचा. आणि आधी वळतात, मग टाकतात. आधी टाकायचा आणि तो हवेत असतानाच उभ्या पायावर वळायचं. चेंडू फार उंच गेला तर बचावपटूला सावरायला वेळ मिळतो, डोक्याच्या थोडा वरच पुरे. पहिल्यांदा हातातून सोडलेल्या चेंडूवर, बचावपटूशिवाय करून घे. मग पाठीशी एकजण नुसता उभा कर. धक्का देणारा सगळ्यात शेवटी.

तो गोल झालेला सामना वर्दिंग्टनचं बोल्टन ३-२ नं हरलं, हे तू सांगणारच. त्या मोसमात पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सर्वाधिक गोल, २४, कुणाचे होते तेही सांग मग.

तर एवढं कर. आपल्या अर्ध्यात दोन टचची सक्ती, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावून पास, तिथं तुझं ऐकायलाच हवं. समोरच्या गोलजवळच्या एक तृतीयांश मैदानात त्याला काही बोलू नकोस, आणि रेषेवरून “पास दे” म्हणून ओरडू नकोस, तुझा आवाज पन्हाळ्याला ऐकू जातो. त्याच्या शेजारी पळणारा एक मिडफिल्डर ठेव, चेंडू गेला की मागं धावायला. तात्यांच्या नातवाला ठेव, त्याचा दम चांगला आहे. सराव बुडवला तर पुढच्या सामन्यात पहिला अर्धा भाग बाहेर, पण संघातून नाही. आणि शिक्षा एकट्याला बोलावून सांग, पोरांसमोर नको.

आईंचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीची बारावी यंदाच ना, तिला सांग काकानं विचारलंय. घराचा हप्ता, तुझं बीपी, सगळं कळव.

रविवारच्या सामन्याच्या आधी यादी लागते ना? त्याच्या आत फोन कर.

तुझाच